पार्क स्लोप फूड कोऑप : ब्रुकलिनमधले सावडीचे दुकान

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, युनियन स्ट्रीटवर, सहाव्या आणि सातव्या ॲव्हेन्यूंच्या मध्ये एक किराणा दुकान आहे. खिशात पैसे असले तरी तेथे वाटेल त्याला जाऊन पावशेर भाजी विकत घेता येत नाही. दारातच टेबलामागे बसलेली व्यक्ती ओळखपत्र मागते, समोरच्या पडद्यावर नाव पाहते आणि त्या नावापुढे कामाची बाकी नसेल तर आत सोडते. ती व्यक्तीही पगारी नोकर नसते. त्या दिवशी दारावर बसण्याची तिची पाळी असते, इतकेच. ‘पार्क स्लोप फूड कोऑप’ हे या दुकानाचे नाव; कोऑप म्हणजे सहकारी संस्था. १९७३ साली शेजारपाजारच्या मोजक्या मंडळींनी ते सुरू केले आणि आज त्याचे सुमारे सोळा-सतरा हजार सभासद आहेत. करोनाच्या साथीपूर्वी मी आणि माझे यजमान सलग सहा वर्षे तेथे सभासद होतो. त्या सहा वर्षांत तेथून आणलेल्या सामानावर आमचे घर चालले आणि तेथे केलेल्या कामामुळे त्या परक्या शहरात आम्हाला शेजार मिळाला, म्हणून या दुकानाविषयी सविस्तर लिहावे असे फार दिवस मनात होते.

आधी व्यवहाराचे सांगते. सभासद होताना पंचवीस डॉलर प्रवेश शुल्क आणि शंभर डॉलर भागभांडवल भरावे लागते. भागभांडवल सभासदत्व सोडताना परत मिळते आणि ज्यांचे उत्पन्न कमी आहे त्यांच्यासाठी दोन्ही रकमा बऱ्याच कमी आहेत. खरी वर्गणी मात्र वेळेची असते. आमच्या काळी प्रत्येक सभासदाने दर चार आठवड्यांतून एकदा पावणेतीन तास काम करायचे, असा नियम होता. साथीनंतर हे अंतर वाढवून सहा आठवड्यांचे करण्यात आले. घरातल्या एकानेच सभासद होऊन सगळ्यांसाठी सामान आणावे, ही सोय नाही. एका घरात राहणाऱ्या आणि तेथले अन्न खाणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीने सभासद व्हायचे आणि प्रत्येकाने आपली पाळी भरायची. दुकानातले सुमारे तीन चतुर्थांश काम अशा प्रकारे सभासदच करतात. माल उतरवणे, फळ्या भरणे, चीज कापणे, हिशेब करणे, झाडलोट करणे, यांतले बहुतेक काम बिनपगारी होत असल्यामुळे मालाच्या खरेदी किमतीवर दुकान जेमतेम वीस ते पंचवीस टक्के चढवते. आजूबाजूच्या दुकानांशी ताडून पाहिले तर भावातला हा फरक चटकन जाणवतो, आणि सेंद्रिय भाजीपाला व सुटे मसाले यांच्या बाबतीत तो सर्वांत जास्त जाणवतो.

मालाविषयी माझे मत निःशंकपणे चांगले आहे. भाजीच्या प्रत्येक खोक्यावर ती कोठून आली आणि सेंद्रिय आहे की नाही, हे लिहिलेले असते, त्यामुळे न्यूयॉर्क राज्यातल्या किंवा पेनसिल्व्हेनियातल्या शेतांवरून आलेले टोमॅटो ऑगस्टमध्ये कोणते आणि फेब्रुवारीत दूरवरून आलेले कोणते, हे घेणाऱ्याला विचारावे लागत नाही. आपल्या स्वयंपाकासाठी मूग, मसूर, राजमा, बासमती, ओली हळद, आले, कोथिंबीर हे सगळे मिळते. दालचिनी, मिरी, जिरे, वेलदोडा यांच्या लहान पिशव्या मिळतात, आणि त्याच वजनाची काचेची बाटली इतरत्र ज्या भावाला मिळते तो आठवला की हात आपोआप दुसऱ्या पिशवीकडे जातो. पोहे, ज्वारीचे पीठ, कोकम यांसाठी मात्र आम्ही क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सलाच जात असू. दुकानाची जागा सभासदांच्या संख्येच्या मानाने लहान आहे, दोन फळ्यांमधल्या वाटा अरुंद आहेत आणि आमच्या काळी क्रेडिट कार्ड चालत नसे. रविवारी दुपारी येथे घाईने येऊ नये. या संस्थेच्या सभासदांसाठी निघणाऱ्या पत्राचे नावच मुळी ‘लाइनवेटर्स गॅझेट’, म्हणजे रांगेत उभ्या असलेल्यांचे पत्र, असे आहे आणि ते अगदी योग्य आहे.

माझी पाळी दर चौथ्या रविवारी सकाळी तळघरात असे. वर दुकान उघडण्याची लगबग चाललेली असायची आणि खाली आम्ही सात-आठ जण केसांना जाळी, पुढे एप्रन आणि हातांत मोजे घालून एका लांब टेबलाभोवती उभे राहत असू. घाऊक खोक्यांतून आलेला खजूर, जर्दाळू, बदाम, ऑलिव्ह आणि मसाले लहान पिशव्यांत भरायचे, वजन करायचे, त्यावर वजन-किमतीची चिठ्ठी चिकटवायची, असे ते काम होते. पहिल्या दिवशी माझ्या वाट्याला खजूर आला. खजूर चिकट असतो. पिशवीत टाकताना तो तोंडाच्या कडेला लागला की तेथे प्लॅस्टिक निसरडे होते आणि मग पीळ बसत नाही. माझ्या पाच-सहा पिशव्या अशाच उलगडल्या. समोर उभ्या असलेल्या एका निवृत्त शिक्षिकेने एक शब्दही न बोलता माझ्या हातातली पिशवी घेतली, तिचे तोंड आपण बाहीची मुडप घालतो तसे बाहेरच्या बाजूला दुमडले, खजूर भरला, दुमड परत उलगडली आणि कोरड्या राहिलेल्या कडेला दोन पीळ देऊन तार बांधली. मग ती पिशवी माझ्यासमोर ठेवून तिने आपले काम पुढे सुरू केले.

त्या टेबलाभोवती एक वकील होते, एक तरुण व्हायोलिनवादक होता, मुले मोठी झाल्यावर नव्याने शिकायला लागलेली एक आई होती, पोर्तो रिकोहून लहानपणी आलेले एक बस-चालक होते. बाहेरच्या जगात यांची एकमेकांशी गाठ पडण्याचे काही कारण नव्हते. तेथे वकिलांना ऑलिव्ह गाळता येत नव्हते आणि बस-चालक त्यांना ते शिकवत होते. गप्पा असायच्या, पण हात थांबत नसत. पाळी संपल्यावर मी वर येऊन आमचे आठवड्याचे सामान घेत असे. एकदा माझ्या पुढच्या बाईंनी फळीवरून खजुराची पिशवी उचलली, पीळ घट्ट आहे ना हे दोन बोटांनी ओढून पाहिले आणि ती टोपलीत टाकली. ती पिशवी मी भरली होती की कोणी दुसऱ्याने, हे सांगता येणार नाही, पण त्या दिवसापासून प्रत्येक पीळ देताना मला ती दोन बोटे आठवत राहिली.

सभासद होण्यापूर्वी नवख्यांना एक माहितीसत्र ऐकावे लागते. तेथे नियम ऐकताना माझ्या मनात सारखा एकच शब्द येत होता, तो म्हणजे सावड. माझे आजोळ वाई तालुक्यातले. भांगलणीच्या किंवा काढणीच्या दिवसांत आज चौघींनी आमच्या रानात यायचे, उद्या आजीने त्यांच्या रानात जायचे, आणि कोणाची किती सावड फेडायची राहिली आहे हे सगळ्यांच्या तोंडी पक्के असायचे. मजुरीचे पैसे मध्ये येत नसत. दिवसाच्या बदल्यात दिवस, असा तो रोखठोक व्यवहार होता. याच्या शेजारी आपल्याकडे इर्जिकही होती. एखाद्याची नांगरट अडली, घरात आजारपण आले, की गावातले नांगर आणि बैल त्याच्या शेतात उतरायचे आणि ज्याचे शेत असेल त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचे. इर्जिकीत दिवसाचा हिशेब नसतो, गरजेची ओळख असते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतात. पण सावडीने वर्षानुवर्षांचे रोजचे काम चालते आणि इर्जिक अडल्या वेळेला धावून येते, हा फरक शेतात राबलेल्या माणसाला कोणी समजावून द्यावा लागत नाही.

पार्क स्लोप फूड कोऑप ही निखळ सावड आहे. फरक इतकाच की आजीच्या रानात पाच जणी होत्या आणि येथे सतरा हजार आहेत. पाच जणींत एक आली नाही तर दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर गाठ पडायची, आणि त्या गाठीचीच भीड पुरेशी असायची. सतरा हजारांत कोणाची कोणाला भीड वाटणार? म्हणून येथे भिडेचे काम नियमांनी घेतले आहे. आमच्या काळी एक पाळी न सांगता चुकवली तर भरपाई म्हणून दोन भराव्या लागत आणि बाकी साठत गेली की दुकानात खरेदी बंद होत असे. पाळीच्या दिवशी खरोखर जमत नसेल तर आपली बदली आपणच शोधायची. दोन प्रौढांच्या घरात एकाची बाकी राहिली तर दुसऱ्यालाही खरेदी करता येत नसे. या कडकपणावर न्यूयॉर्कमध्ये वर्षानुवर्षे टीका होत आली आहे, आणि बाळंतपण, आजारपण, दोन-दोन नोकऱ्या करणारे लोक यांचा विचार करता त्या टीकेत तथ्य नाही असे मला म्हणता येणार नाही. सवलतींची तरतूद आहे, पण ती अर्ज करून मागावी लागते, आणि ज्याला सर्वांत जास्त गरज असते त्यालाच मागणे सर्वांत जड जाते. तरीही सहा वर्षे आतून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की हे दुकान पन्नास वर्षे टिकले त्याचे मुख्य कारण हा कडकपणाच आहे. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेत अशी कित्येक सहकारी दुकाने निघाली आणि बंद पडली. ज्यांनी काम ऐच्छिक ठेवले, तेथे उत्साही माणसे राबून थकली आणि बाकीच्यांनी फक्त स्वस्त सामान नेले.

याचा अनुभव मी दुसऱ्या बाजूनेही घेतला आहे. भारतीय आंब्याला अमेरिकेचे दार २००७ साली पुन्हा उघडले. विकिरणाची, म्हणजे कीड मारण्यासाठी किरणांचा मारा करण्याची, प्रक्रिया करूनच तो पाठवायचा, अशी अट आहे आणि त्यासाठी लासलगावच्या केंद्राचे नाव तेव्हा आपल्याकडे घरोघरी पोहोचले. त्यानंतर येथल्या मराठी मंडळींमध्ये एकत्र मागणी नोंदवून विमानतळावरून हापूसच्या पेट्या आणण्याची पद्धत रूढ झाली. आमचाही असा एक गट होता, चाळीसेक कुटुंबांचा. पहिल्या वर्षी उत्साह होता, दुसऱ्या वर्षी पेट्यांची संख्या दुप्पट झाली आणि तिसऱ्या वर्षी लक्षात आले की पैसे गोळा करण्यापासून पहाटे विमानतळावर गाडी घेऊन जाण्यापर्यंत सगळे काम एकच गृहस्थ आणि त्यांची पत्नी करत आहेत. सगळे त्यांचे मनापासून आभार मानत, मिठाईचे डबे नेऊन देत. चौथ्या वर्षी त्यांनी हात जोडले आणि गट संपला. आमच्यातले कोणी स्वार्थी नव्हते. जे दरवर्षी करायचे होते ते आम्ही इर्जिकीवर चालवू पाहिले, आणि त्या दोघांची सावड मात्र आम्ही कधी फेडली नाही.

सामान एकत्र आणणे हे एकच उद्दिष्ट वेगवेगळ्या समाजांनी किती वेगवेगळ्या रीतींनी साधले आहे, हे पाहू लागले की जपानमधल्या ‘सेइकात्सु क्लब’कडे लक्ष जातेच. १९६५ साली टोकियोच्या सेतागाया भागात काही गृहिणींनी एकत्र येऊन दूध घाऊक भावाने घ्यायला सुरुवात केली, त्यातून ही संस्था उभी राहिली आणि आज तिचे सभासद लाखांच्या संख्येत आहेत. तिचा मूळ घटक म्हणजे ‘हान’, शेजारच्या सहा-दहा घरांचा गट. हानने एकत्र मागणी नोंदवायची, सामान एका घरी उतरायचे आणि तेथून आपापसांत वाटून घ्यायचे. लाखो सभासद असूनही एकेका बाईला प्रत्यक्षात हिशेब द्यायचा तो आठ-दहा शेजारणींनाच, त्यामुळे पाळी चुकवण्याच्या दंडाची तेथे गरजच पडली नाही. या क्लबने मालाचे प्रकार मुद्दाम कमी ठेवले, मागणी आधी नोंदवून शेतकऱ्याला आणि दूधवाल्याला आगाऊ खात्री दिली, काचेच्या बाटल्या परत गोळा करून वापरल्या आणि धुण्याच्या कृत्रिम साबणाने पाणी दूषित होते या प्रश्नावरून पुढे स्थानिक परिषदांमध्ये आपल्या सभासद महिला निवडून आणल्या. १९८९ साली त्याला ‘राइट लाइव्हलीहुड’ पुरस्कार मिळाला. पण हान चालतो तो दुपारी घरी असलेल्या बायकांच्या वेळेवर. जपानी स्त्रिया नोकरीसाठी बाहेर पडू लागल्या तसतसे हान ओसरत गेले आणि घरपोच वैयक्तिक मागणी वाढत गेली. ब्रुकलिनचे दुकान या बाबतीत अधिक टिकाऊ ठरले, कारण त्याने नोकरी करणारा माणूस गृहीत धरला आणि सकाळ, संध्याकाळ, रविवार अशा पाळ्या लावल्या. स्त्री-पुरुष हा भेदही ठेवला नाही. माझे यजमान दर महिन्याला फरशी पुसत आणि मी खजूर भरत असे.

हानविषयी पहिल्यांदा समजले तेव्हा मला डोंबिवलीचे आमचे घर आठवले. बिंदुमाधव जोशी यांनी उभ्या केलेल्या ग्राहक चळवळीतून १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली, आणि आई तिच्या एका संघात होती. दुकान नाही, पाटी नाही. शेजारच्या काही कुटुंबांचा संघ, महिन्याची यादी आणि ठरलेल्या दिवशी एका घरी उतरणारे सामान. आमच्या घरी वाटप असले की सकाळपासून बैठकीच्या खोलीतली गादी गुंडाळून ठेवली जायची. तूरडाळ, साखर, साबण, चहा यांचे ढीग भिंतीकडेने लागायचे आणि प्रत्येक कुटुंबाच्या नावाची चिठ्ठी जमिनीवर ओळीने मांडून बायका यादीप्रमाणे सामान त्या-त्या चिठ्ठीवर ठेवत जायच्या. आम्हा मुलांचे काम चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून त्यांवर साबणाची वडी ठेवण्याचे. शेवटी सगळ्या चिठ्ठ्यांवरचे सामान भरून झाले आणि एखादा पुडा उरला, तर तो कोणाचा हे सापडेपर्यंत कोणी उठत नसे. टोकियोतल्या गृहिणी आणि डोंबिवलीतल्या या बायका यांची एकमेकींशी ओळखदेख असण्याचे कारण नव्हते, तरी दोन्हीकडे रीत जवळजवळ एकच निघाली, याचे मला आजही अप्रूप वाटते.

मी तेथे सभासद असताना आई दोनदा आमच्याकडे येऊन राहिली. पाहुणी म्हणून तिला माझ्याबरोबर दुकानात येता यायचे. पहिल्या दिवशी तिने सगळे नीट पाहिले: दारावरचा पडदा, पैसे घेणारे, बाहेर पडताना पावती तपासणारे. भाज्यांची प्रत तिला फार आवडली. मग वाटेत मला म्हणाली, “अगं, आमच्या संघात वाटपाला कोणी आली नाही ना, तर पहिला फोन जायचा, बरी आहेस ना म्हणून. इथं कोण विचारतं?” मी म्हटले, “इथे संगणक विचारतो.” त्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. घराजवळ आल्यावर म्हणाली, “पण एवढ्या माणसांना कोण फोन करणार? त्यांचंही खरंच आहे.”

तिच्या प्रश्नाला दुकानाकडे दुसरे एक उत्तर आहे, आणि ते म्हणजे सभा. दर महिन्याला सर्वसाधारण सभा भरते, कोणताही सभासद येऊन बोलू शकतो आणि मत देऊ शकतो, आणि सभेला बसण्याचे कामात श्रेयही मिळते. मी गेलेल्या सभांपैकी एकीत भाजीसाठीच्या प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्यांवर जी चर्चा झाली, ती आपल्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या पाण्याच्या टाकीवरल्या चर्चेइतकीच लांबली, पण कोणी कोणाला मध्येच तोडले नाही. प्रत्येकाला वेळ ठरलेला होता आणि तो संपला की माणूस खाली बसत होता. २०१२ साली इस्रायली मालावर बहिष्कार घालावा की नाही याचा सर्व सभासदांचा कौल घ्यावा, अशी मागणी आली, तेव्हा ती सभा एका शाळेच्या मोठ्या सभागृहात घ्यावी लागली. दीड हजारांहून अधिक लोकांनी मत दिले आणि मागणी फेटाळली गेली. भाजी स्वस्त मिळावी म्हणून एकत्र आलेल्या लोकांचे उद्दिष्ट भाजीपाशीच थांबते की नाही, हा वाद तेथे आजतागायत संपलेला नाही. माझ्या मते तो संपूही नये. जे लोक एकमेकांच्या हातचे खजूर खातात, त्यांनी जगाविषयी एकमेकांशी भांडायलाही हरकत नाही, मात्र दुसऱ्या दिवशीच्या पाळीला दोघांनीही हजर राहायला हवे, आणि मी पाहिले तोवर ते राहत होते.

ही पद्धत जशीच्या तशी उचलून दुसरीकडे लावण्याचा प्रयत्नही झाला आहे. पॅरिसच्या अठराव्या विभागात ‘ला लूव्ह’ नावाचे दुकान २०१६ साली दोन अमेरिकनांच्या पुढाकाराने याच धर्तीवर उघडले; तेथे पाळी चार आठवड्यांतून तीन तासांची ठेवली आहे.

हे दुकान कोणासाठी चांगले आहे, याचे उत्तर मी माझ्या अनुभवावरून असे देईन. ज्यांचे महिन्याचे सामान मोठे आहे, घरी रोज स्वयंपाक होतो आणि कामाचे तास बऱ्यापैकी ठरलेले असतात, त्यांनी जवळपास राहत असल्यास अवश्य सभासद व्हावे. काही महिन्यांतच भागभांडवलापेक्षा जास्त बचत होते. लहान मुले असलेल्यांनीही चौकशी करावी; आमच्या काळी मुलांना सांभाळण्याची खोली होती आणि तेथेही सभासदच बसलेले असत. नव्याने अमेरिकेत आलेल्या, दिवसभर घरात एकट्या असलेल्या आपल्याकडच्या बायकांना तर मी आवर्जून सांगेन, कारण भाषा न अडखळता बोलायला मला विद्यापीठातल्या वर्गापेक्षा त्या तळघरातल्या टेबलाने जास्त शिकवले. ज्यांची नोकरी आज या शहरात तर उद्या त्या शहरात अशी आहे, त्यांनी मात्र विचार करून पाऊल टाकावे. आणि घरातल्या एकाचाच उत्साह असेल तर सभासद होऊ नये. दुसऱ्याची पाळी ओढूनताणून भरली जाते आणि त्याचा राग टोमॅटोवर निघतो.

एक सेवा मात्र अशी आहे की जिच्यासारखी मी दुसऱ्या कोणत्याही दुकानात पाहिली नाही. केशरी जाकीट घातलेले काही सभासद दाराबाहेर उभे असतात. त्यांची पाळी म्हणजे सामानाची गाडी ढकलत सभासदाबरोबर त्याच्या घरापर्यंत, मोटारीपर्यंत किंवा स्थानकापर्यंत चालत जाणे आणि रिकामी गाडी परत आणणे. आई दुसऱ्यांदा आली तेव्हा तिचे गुडघे दुखत होते, म्हणून आम्ही असे एक गृहस्थ बरोबर घेतले. साठीचे असावेत. वाटेत त्यांनी आईला भारतात पाऊस किती महिने पडतो हे विचारले आणि आईने त्यांना तोडक्यामोडक्या इंग्रजीत चारही महिने वेगवेगळे करून सांगितले. दारापाशी आल्यावर तिने त्यांना आत चहाला बोलावले. गाडी वेळेत परत न्यायची असते, असे त्यांनी नम्रपणे सांगितले आणि माझ्याकडे पाहिले. मी आईला मराठीत म्हटले, “अगं, ही त्यांची पाळी आहे, त्यांचं काम आहे हे.” तिने माझे ऐकले नाही. आत जाऊन कागदात गुंडाळलेले दोन रव्याचे लाडू घेऊन आली आणि त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी एक तेथेच खाल्ला, दुसरा कागदासकट केशरी जाकिटाच्या खिशात ठेवला, आणि रिकामी गाडी खडखडवत उताराने परत गेले.